मॅडम, ‘प्लेस’ म्हणजे नक्की काय?

जुलै २०१९. तासगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला मार्केटिंगचा माझा पहिला तास होता, सकाळी साडेसातचा. सांगलीहून सहाची एसटी धरून मी अर्धा तास आधीच पोचले होते. आदल्या रात्री बसून ४२ स्लाइड केल्या होत्या. विषय ‘मार्केटिंग मिक्स’. १९६० मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी मांडलेले चार ‘पी’ : प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन (मालाची जाहिरात-प्रसिद्धी). एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत पाच वर्षं सेल्स ऑफिसर म्हणून काम केलं होतं, त्यामुळे या चार शब्दांची मला धास्ती नव्हती.

तास ४८ मिनिटांचा. स्लाइड पंचविसाव्या मिनिटाला संपल्या. मुलं शांत बसली होती, म्हणजे त्यांना कळतंय, असं मी धरून चालले होते. “काही शंका?” विचारलं, कुणी हात वर केला नाही. उरलेला वेळ मी तेच मुद्दे पुन्हा, जरा मोठ्या आवाजात सांगितले. तास संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी जिन्यापर्यंत माझ्यामागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ‘प्लेस’ म्हणजे दुकान कुठल्या चौकात आहे ते का?”

पाच वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं. कंपनीच्या डेपोतून माल डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनला, तिथून गाडीत भरून बीटप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या फेरीच्या मार्गाने, गावोगावच्या किराणा दुकानांत, आणि दुकानातही मागच्या फळीवरून पुढच्या फळीवर. कवठेमहांकाळ, जत, आटपाडी... कुठल्या दुकानात किती पेट्या जातात, उधारी कोण थकवतो, आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी कुठल्या गावात नेऊ नये, सगळं तोंडपाठ. ते सगळं म्हणजेच ‘प्लेस’. आणि त्यातलं काहीही माझ्या ४२ स्लाइडांवर नव्हतं. तिथं होत्या त्या पुस्तकातल्या व्याख्या आणि बाणांच्या आकृत्या. जिन्यात उभ्या उभ्या मी तिला सांगायला लागले, तेवढ्यात पुढच्या तासाची घंटा झाली आणि ती पळाली. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होते. मला विषय येत होता, पण शिकवता येत नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तोवर कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पहिलीच्या वर्गाला शिकवायचं तर डी.एल.एड. लागतं. नववी-दहावीला शिकवायचं तर बी.एड. लागतं. तिथं सराव पाठ घ्यावे लागतात, मागे बसून कुणीतरी टिपणं काढतं, चुका दाखवतं. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के गुण आणि नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. या वाटेवर वर्गात उभं राहायचा सराव कुठंही नाही. माझ्या मते उच्च शिक्षणातली ही मोठी उणीव आहे. तिची किंमत दर वर्षी जुलैत नव्या शिक्षकासमोर बसलेला वर्ग मोजतो. माझ्यासमोर त्या दिवशी ५८ मुलं होती.

नोकरी मी जून २०१८ मध्ये सोडली. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत टार्गेट पुरं करायला दुकानदाराच्या गळ्यात माल मारायचा, हे मला जमेनासं झालं होतं. तो माल तिथं हलणार नाही हे मलाही ठाऊक असायचं आणि त्यालाही. पण त्या नोकरीत एक काम मला मनापासून आवडायचं. नवा सेल्समन आला की त्याला आठवडाभर बीटवर घेऊन फिरायचं, दुकानदाराशी बोलणं कुठून सुरू करायचं, आधी फळी बघायची आणि मग ऑर्डरची वही काढायची, हे शिकवायचं. तो मुलगा पुढं एकट्यानं बीट करायला लागला की मला माझ्या इन्सेंटिव्हपेक्षा जास्त बरं वाटायचं. शिकवायचंच काम करावं, हे तिथून डोक्यात आलं. आई म्हणाली, “लागलेली नोकरी सोडून तासावर जाणार?” तिची काळजी रास्त होती. तासिका तत्त्वावर जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, तेही सुट्टीत बंद. माझ्या पहिल्या वर्षाचं मानधन हातात पडायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं. ते वर्ष मी साठवलेल्या पैशांवर आणि घरच्यांच्या आधारावर काढलं. ज्यांच्यामागे असा आधार नाही, ती चांगली माणसं या टप्प्यावरच गळतात. अशा दोघांना मी ओळखते.

नेटचा अभ्यास तोवर चालूच होता. डिसेंबर २०१८ ला पहिल्यांदा बसले. एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेनं संगणकावर घेतलेली ती पहिलीच नेट. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्नांचा. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्नांचा. प्रत्येकाला दोन गुण, चुकीला वजाबाकी नाही. वाणिज्य विषयाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि मार्केटिंग त्यातला फक्त एक, आठवा. उरलेल्या नऊमध्ये हिशेब, लेखापरीक्षण, संख्याशास्त्र, बँकिंग, कंपनी कायदे, प्राप्तिकर. एम.कॉम. होऊन सहा वर्षं झाली होती. प्राप्तिकराची कलमं मी सपशेल विसरले होते. पहिल्या वेळी राहिले. पुढच्या जूनमध्ये सेट दिली, तीही थोडक्यात हुकली. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी वरचे सहा टक्केच नेट पात्र ठरतात, त्यामुळे नुसते किमान गुण मिळवून भागत नाही.

पहिल्या पेपरात ‘अध्यापन अभियोग्यता’ नावाचा घटक आहे. चांगल्या शिक्षकानं आधी काय करावं, असं विचारून चार पर्याय देतात. त्यातला बरोबर पर्याय मला ओळखता यायचा. “विद्यार्थ्यांचं पूर्वज्ञान जाणून घ्यावं”, यावर मी बिनचूक खूण करत होते. आणि त्याच महिन्यांत वर्गात जाऊन पूर्वज्ञानाचा एकही प्रश्न न विचारता थेट स्लाइड लावत होते.

या सगळ्यात मला सापडले ते आमचे विभागप्रमुख सर. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, आवाज बारीक, हातात नेहमी खडू. त्या पहिल्या आठवड्यातच मी धीर करून विचारलं, “सर, तुमच्या तासाला मागे बसले तर चालेल का?” ते क्षणभर बघत राहिले. म्हणाले, “एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही, मॅडम. या की.” मग त्या सत्रभर आठवड्यातून दोन दिवस मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले. माझं खरं प्रशिक्षण तिथं झालं.

सर फळ्याचे तीन भाग करायचे. डाव्या पट्टीत त्या दिवसाचे शब्द, इंग्रजी आणि त्याखाली मराठी, ते तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. मधला भाग मुलांच्या उत्तरांसाठी, मुलांच्याच भाषेत. उजवीकडे शेवटी तयार होणारी व्याख्या. व्याख्या शेवटी यायची, हे बघून मी चकित झाले होते. मी तर व्याख्येपासून सुरुवात करत होते. आणि प्रश्न विचारला की सर थांबायचे. वर्ग गप्प, सर गप्प. मागच्या बाकावर मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. मग कुठूनतरी एक उत्तर यायचं, बहुधा चुकीचं, आणि त्यावरून तास पुढं सरकायचा. मी नंतर विचारलं तर म्हणाले, “मनात दहा आकडे मोजायचे. आपण सातव्याला बोललो की मुलाला कळतं, याला माझं उत्तर नकोय.”

प्रमोशन हा घटक त्यांनी कसा सुरू केला ते आजही डोळ्यांसमोर आहे. वर्गातली चार-पाच मुलं पलूस भागातून यायची. सरांनी त्यांना विचारलं, “किर्लोस्करवाडीला काय होतं रे आधी?” एकजण म्हणाला, “माळरान.” मग गोष्ट सुरू झाली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या माळावर कारखाना काढला. लोखंडी नांगर तर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंड जमिनीत गेलं तर जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. इथं सर थांबले. “आता तुम्ही किर्लोस्करांचे सेल्समन आहात. काय कराल?” दहा मोजले. एक मुलगा म्हणाला, “सर, एकाच्या रानात फुकट चालवून दाखवायचा.” दुसरी म्हणाली, “पाटलाच्या रानात. बाकीचे बघायला येतील.” डेमॉन्स्ट्रेशन आणि ओपिनियन लीडर या दोन्ही संकल्पना फळ्याच्या मधल्या भागात येऊन बसल्या होत्या, इंग्रजी शब्द यायच्या आधी. मग सरांनी १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’बद्दल सांगितलं. कारखान्याचं स्वतःचं नियतकालिक. गिऱ्हाइकाशी नुसतं मालाबद्दल न बोलता त्याच्या उपयोगाचं बोलत राहायचं, ही कल्पना आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी राबवली, हे ऐकताना त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

मी वहीत लिहिलं : “उदाहरण मुलांच्या एसटीच्या थांब्याइतकं जवळचं हवं.” ती वही अजून माझ्याकडे आहे.

ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीची बाजारपेठ कित्येक दिवस पाण्यात उभी राहिली. ज्या नगरवाचनालयात बसून मी नेटचा अभ्यास करत होते, तिथली पुस्तकं भिजली. पाणी ओसरल्यावर मी गणपती पेठेत गेले. माझा जुना डिस्ट्रिब्युटर गोडाउनच्या दारात बसला होता. आत साबण, बिस्किटं, डिटर्जंटची पाकिटं, सगळं चिखलात एक झालेलं. मला बघून म्हणाला, “ताई, वरच्या थप्पीचा माल दिसायला बरा आहे. पण कुणाला देऊ?” कंपनी मुदत संपलेल्या मालाचा क्लेम देते, पुरात गेलेल्या मालाचा देत नाही. विमा जुन्या रकमेचा. बिल निघालं त्या दिवशी माल त्याचा झालेला.

महाविद्यालय पुन्हा सुरू झालं तेव्हा मी स्लाइड नेल्या नाहीत. वर्गाला त्या गोडाउनबद्दल सांगितलं, मालकाचं नाव न घेता. आणि विचारलं, “नुकसान कुणाचं?” मनात आकडे मोजायला लागले. आठव्याला एक मुलगा म्हणाला, “कंपनीचं.” लगेच दुसरा, “कंपनीला पैसे आधीच पोचलेत की.” तिसऱ्याच्या मामाचं दुकान हरभट रस्त्यावर होतं. तो म्हणाला, “मॅडम, मामांनी तर माल उधारीवर घेतला होता. मग तो कुणाचा?” त्यावर वर्ग पेटला. पाकीट शाबूत असेल तर धुऊन विकावं का, यावर तर भांडणच झालं. एक मुलगी उभी राहून म्हणाली, “माझ्या घरी लहान भाऊ आहे. ते बिस्कीट त्यानं खाल्लं तर?” त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मध्यस्थ फक्त माल इकडून तिकडं नेत नाही. तो माल विकत घेऊन ठेवतो, उधारी देतो आणि तो विकला जाईपर्यंतची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. हे वाक्य पुस्तकात आहे. त्या दिवशी ते फळ्याच्या उजव्या भागात मुलांनी लिहवून घेतलं. जिन्यात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं वहीत खाली आपलं एक वाक्य लिहिलं होतं, वही तपासताना दिसलं : “प्लेस म्हणजे वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तिची काळजी कोण करतो ते.” कुठल्याही विद्यापीठाच्या परीक्षेत मी याला पूर्ण गुण देईन.

डिसेंबर २०१९ मध्ये नेट सुटली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी निकाल लागला. सरांना फोन केला तर म्हणाले, “छान. मंगळवारचा तास आहे ना तुमचा?”

मार्च २०२० नंतरच्या दीड वर्षाबद्दल फार लिहिणार नाही. जतच्या पूर्व भागातल्या मुलांना व्हिडिओ दिसायचाच नाही, रेंज मिळायला टेकडीवर जावं लागायचं. मी आठ-आठ मिनिटांच्या आवाजाच्या फिती करून पाठवायला लागले. शेवटी एक प्रश्न, उत्तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवाजात. मुलांचा चेहरा न बघता बोलायचं, हे मला शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही. एक उपयोग मात्र झाला. स्वतःचं बोलणं रोज ऐकावं लागल्यामुळे मी किती भराभर बोलते आणि वाक्यं अर्धवट सोडते, ते कळलं.

पीएच.डी.ला याच काळात नोंदणी केली. विषय, ग्रामीण भागातला किराणा दुकानदार नवी वस्तू दुकानात ठेवायची की नाही हे कसं ठरवतो. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती शिकले, प्रश्नावली केली. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी, ‘पूर्णतः असहमत’पासून ‘पूर्णतः सहमत’पर्यंत. आटपाडीतल्या पहिल्याच दुकानदारानं दोन प्रश्न ऐकले आणि म्हणाला, “ताई, तुम्हाला बरं दिसेल ते लिहा, माझी काय हरकत नाही.” सात-आठ ठिकाणी हेच झालं. सगळे सगळ्याला सहमत. मी कंपनीची माणूस म्हणून त्यांनी मला वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि पाहुण्याला नाही म्हणायचं नाही ही त्यांची रीत. मग मी काउंटरवर पाच नाणी ठेवायला लागले. “दादा, हे म्हणणं जेवढं पटतं तेवढी नाणी माझ्याकडं सरकवा.” हात नाण्यावर गेला की माणूस विचार करतो. एका म्हाताऱ्या दुकानदारानं ‘सेल्समनच्या सांगण्यावरून मी नवीन माल ठेवतो’ या विधानाला एकही नाणं सरकवलं नाही आणि वर म्हणाला, “तुमच्यासुद्धा नाही.” ते ऐकून वाईट वाटलं, पण संशोधनाला खरं उत्तर मिळालं. नाण्यांची पद्धत का वापरली, ती सगळीकडं सारखी कशी ठेवली, हे मार्गदर्शकांनी मला तीनदा लिहायला लावलं. ते लिहिताना मी संशोधन शिकले.

आणि वर्गात मी कधी विद्यार्थी झाले, ते बेदाण्याच्या हंगामात. मार्च २०२२. प्राइसिंग शिकवत होते, खर्च अधिक नफा बरोबर किंमत. मागून एक मुलगा म्हणाला, “आमच्यात असं नसतं, मॅडम.” त्याच्या घरची बेदाण्याची शेड. मी म्हटलं, “मग सांग कसं असतं.” त्यानं खडू घेतला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. द्राक्षं बुडवायचं द्रावण, जाळ्यांवर पसरणं, वाळवणं, मग बायकांच्या हातानं निवडणं, प्रतवारी, पेटी, कोल्ड स्टोरेजचं भाडं, अडत. सगळा खर्च त्यानं फळ्यावर मांडला, आम्ही बेरीज केली. मग म्हणाला, “आणि हे सगळं सौद्यात कुणी विचारत नाही. हिरवा आहे का, गोल आहे का, चिकट आहे का, एवढंच.”

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे तासगावच्या सौद्याला गेलो. पेट्या फोडून ठेवलेल्या, खरेदीदार मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन बघत पुढं जात होते, पुकारा होत होता. एका थप्पीचा निकाल लागायला फारसा वेळ लागत नव्हता. वर्षभराची मेहनत आणि तिचा भाव त्या तेवढ्यात ठरत होता. मुलांच्या वहीत मी फक्त तीन प्रश्न दिले होते : भाव कोण बोललं, कशाकडे बघून बोललं, आणि शेतकऱ्याला त्यातलं काय बदलता आलं असतं. तिसऱ्या प्रश्नावर परत आल्यावर दोन तास चर्चा झाली. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे मी सांगितलं तेव्हा वर्गातल्या कुणालाही माहीत नव्हतं. त्या मुलाच्या शेडमधल्या पेट्यांवरही त्याचा उल्लेख नव्हता. दोन मुलींनी मग त्या उन्हाळ्यात निवडलेला बेदाणा पाव-पाव किलोच्या पाकिटात भरून नातेवाइकांत विकला. फार नाही, पण किंमत त्यांनी स्वतः ठरवली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनानं २०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली होती. त्यानंतर जाहिराती यायला लागल्या आणि आम्ही सगळे फायली घेऊन फिरायला लागलो. एका संस्थेत मुलाखतीच्या आदल्या दिवशी फोन आला, “तुमची तयारी किती आहे?” पैशांबद्दल विचारत होते. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षांत मी जे शिकले होते त्याचा त्या प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता. ही गोष्ट लिहायची की नाही यावर बराच विचार केला. लिहिते आहे, कारण या वाटेवर येणाऱ्या मुलामुलींना असा फोन येऊ शकतो, आणि तो ठेवून देणारं आणखी कुणीतरी आहे हे त्यांना माहीत असावं.

२०२३ मध्ये दुसऱ्या एका अनुदानित महाविद्यालयात निवड झाली. तिथं समितीनं दहा मिनिटं पाठ घ्यायला सांगितलं. मी ‘वितरणाचे मार्ग’ निवडला. पुराच्या गोडाउनची गोष्ट तीन वाक्यांत सांगितली आणि समितीला विचारलं, “नुकसान कुणाचं?” दहा मिनिटांतला वेळ असा गप्प घालवायला छाती लागते. सहा, सात, आठ... विद्यापीठाचे विषयतज्ज्ञ चष्मा काढून म्हणाले, “ज्याच्या नावावर बिल आहे त्याचं.” शेजारचे सदस्य म्हणाले, “का म्हणून?” पुढची पाच मिनिटं ते दोघंच बोलत होते.

नोकरीत कायम झाल्यावर महिनाभराचा शिक्षक प्रवेश प्रशिक्षण वर्ग केला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत जी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, त्यांचंच हे आजचं रूप. त्यातला बराच वेळ तक्ते आणि फॉर्म भरण्यात गेला, तो वर्गात गेला असता तर बरं झालं असतं. पण दोन गोष्टींसाठी मी त्या महिन्याची ऋणी आहे. एक, प्रश्न काढायला शिकले. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या शिकण्याच्या पायऱ्या (नुसतं आठवण्यापासून मूल्यमापनापर्यंत) पाठ होत्या, पण माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बघितल्या तर सगळे प्रश्न पहिल्या पायरीवरच : सांगा, लिहा, व्याख्या द्या. ‘मार्केटिंग मिक्सचे घटक स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या जागी मी आता लिहिते, ‘जतमधल्या किराणा दुकानदाराशेजारी मोठं सुपरमार्केट उघडलं. त्यानं चारपैकी आधी काय बदलावं, आणि का?’ उत्तरं तपासायला दुप्पट वेळ लागतो.

दुसरी गोष्ट सूक्ष्म अध्यापन. सात मिनिटांचा पाठ, समोर सहकारीच विद्यार्थी, आणि चित्रीकरण. मराठीची एक तरुण प्राध्यापिका, भूगोलाचे एक सर आणि मी असा आमचा गट होता. माझा पाठ चांगला झाला असं मला वाटलं होतं. चित्रीकरण लावलं तर दिसलं की सातही मिनिटं मी उजव्या बाजूलाच बघून बोलत होते. भूगोलाचे सर डावीकडे बसले होते. म्हणाले, “मॅडम, मी एकदा हातसुद्धा वर केला होता.” मला तो दिसलाच नव्हता. मग आठवलं, चार वर्षांत मला ज्यांची नावं लक्षात राहिली ती मुलं बहुतेक उजवीकडच्या बाकांवरची होती. हे कळल्यावर मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

गेल्या जुलैत आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक नवीन मॅडम आल्या. आधी बँकेत होत्या, नेट झालेल्या. पहिल्या आठवड्यात माझ्या नोट्स मागायला आल्या. नोट्स दिल्या आणि म्हटलं, “मंगळवारी साडेसातला माझ्या तासाला मागे बसा. माझ्याकडं बघू नका, मुलांकडं बघा. आणि जे दिसेल ते लिहून मला द्या.” त्या संकोचल्या, पण आल्या. तास झाल्यावर वहीचं पान फाडून माझ्या हातात दिलं. वरचे दोन-तीन मुद्दे कौतुकाचे होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : “डावीकडच्या खिडकीजवळचे दोघं शेवटची पंधरा मिनिटं एकमेकांना विचारत होते, त्यांना ‘मार्जिन’ कळलं नाही.”

पुढच्या मंगळवारी मी खडू घेऊन आधी त्या खिडकीशी गेले.